लीलावतीतील आबाधा ते सदिशांचा अदिश गुणाकार : त्रिकोणविषयक सिद्धतांचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

त्रिकोणाच्या तीन मध्यगा एका बिंदूत मिळतात, तीन शिरोलंब एका बिंदूत मिळतात, अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो. ही विधाने आपल्या राज्यातील विद्यार्थी शालेय जीवनात एकदा आणि कनिष्ठ महाविद्यालयात पुन्हा एकदा अभ्यासतो. पहिल्या वेळी ती 'भूमिती' म्हणून येतात, दुसऱ्या वेळी 'सदिश' या प्रकरणातील उदाहरणे म्हणून येतात. पहिल्या वेळी 'मध्यगा' आणि 'शिरोलंब' हे शब्द असतात, तर दुसऱ्या वेळी विज्ञान शाखेचे अध्यापन बहुशः इंग्रजीतून होत असल्यामुळे 'मीडियन' आणि 'ऑल्टिट्यूड' हे शब्द येतात. परिणामी एकच प्रमेय आपण दोनदा भेटलो आहोत, हे अनेक विद्यार्थ्यांच्या ध्यानातच येत नाही. बारावीच्या परीक्षेत 'सदिश पद्धतीने सिद्ध करा' असा प्रश्न आला की सिद्धता पाठ केलेली असते, पण ती कोणत्या शंकेचे निरसन करते हे ठाऊक नसते.

हा केवळ भाषेचा वा अध्यापनकौशल्याचा प्रश्न नसून तो इतिहासाचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. महाराष्ट्राच्या भूमीवर त्रिकोणाविषयी युक्तिवाद करण्याच्या तीन रीती एकीवर एक साचल्या आहेत : भास्कराचार्यांच्या परंपरेतील उपपत्ती, युक्लिडची भूमिती आणि सदिश पद्धती. या तिन्ही रीती वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या कारणांनी आल्या आणि आपण त्या एकमेकींशी न जोडता शिकवीत राहिलो. प्रत्यक्षात त्यांना जोडणारे एक साधे सूत्र उपलब्ध आहे. ते सूत्र दाखविणे आणि ते दाखविताना इतिहासाचा विपर्यास होऊ न देणे, हे दुहेरी उद्दिष्ट येथे समोर ठेवले आहे.

पाटण येथील मठ आणि आबाधांचा नियम

नाशिकहून मनमाड, नांदगावमार्गे चाळीसगावला उतरले की तेथून जवळच पाटण हे स्थान आहे. येथील शिलालेखावरून भास्कराचार्यांचे नातू चांगदेव, जे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते, त्यांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केल्याचे समजते. या मठाला निकुंभ घराण्यातील सोईदेवाने दिलेले दान इ. स. १२०७ मधील आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नाशिक विभागात नाशिक, धुळे, नंदुरबार आणि जळगाव हे जिल्हे येतात. म्हणजे ज्या भूभागात लीलावती शिकविण्यासाठी एक संस्था उभी राहिली, त्याच भूभागातील विद्यार्थी आज बारावीला सदिशांची उत्तरपत्रिका लिहितात. हा योगायोगच होय, परंतु अध्यापकास तो उपयोगी पडण्याजोगा आहे.

इ. स. ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीच्या क्षेत्रव्यवहारात त्रिकोणाविषयी एक नियम येतो. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला असता पायाचे जे दोन खंड पडतात त्यांना 'आबाधा' म्हणतात. दोन भुजांची बेरीज आणि त्यांचे अंतर यांचा गुणाकार करून त्याला पायाने भागले असता दोन आबाधांचे अंतर मिळते, असा हा नियम आहे. त्यासाठी दिलेल्या उदाहरणात पाया १४ आणि भुजा १३ व १५ आहेत. भुजांची बेरीज २८, अंतर २, गुणाकार ५६. १४ ने भागता ४ मिळतात. आबाधांची बेरीज १४ व अंतर ४, म्हणून आबाधा ९ आणि ५. यावरून लंब १२ व क्षेत्रफळ ८४ येते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. हा नियम भास्कराचार्यांनी प्रथम शोधला असे नव्हे. ब्रह्मगुप्ताच्या इ. स. ६२८ मधील ब्राह्मस्फुटसिद्धान्तात तो आहे आणि १३, १४, १५ या भुजांचा त्रिकोण अलेक्झांड्रियाच्या हेरॉनलाही परिचित होता. भास्कराचार्यांचे श्रेय मांडणीचे आणि अध्यापनाचे आहे. लीलावती शतकानुशतके पाठ्यपुस्तक म्हणून टिकली ती त्यामुळेच.

नियमाची उपपत्ती सोपी आहे. लंब दोन्ही काटकोन त्रिकोणांना सामाईक असल्यामुळे, भुजांच्या वर्गांचे अंतर हे आबाधांच्या वर्गांच्या अंतराइतकेच असते. वर्गांचे अंतर म्हणजे बेरीज व अंतर यांचा गुणाकार. जुन्या परिभाषेत 'वर्गांतर म्हणजे योगांतरघात'. आबाधांची बेरीज म्हणजे पाया, म्हणून पायाने भागले की आबाधांचे अंतर हाती येते. भारतीय परंपरेत सिद्धता नव्हती, केवळ नियम होते, असे विधान पुष्कळदा केले जाते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर लिहिलेली 'बुद्धिविलासिनी' ही टीका त्या विधानाला पुरेसे उत्तर आहे, कारण नियमांच्या उपपत्ती देणे हाच तिचा विशेष होय. तथापि ही सिद्धता युक्लिडच्या जातीची नाही. गृहीतकांपासून पायरी पायरीने रचलेली इमारत तेथे नाही. समोर असलेल्या नियमाविषयी वाचकाची खात्री पटविणे एवढेच तिचे प्रयोजन आहे.

युक्लिडचे आगमन

युक्लिडची भूमिती भारतात दोन वाटांनी आली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या सम्राट जगन्नाथांनी नसीरुद्दीन तुसी यांच्या अरबी संस्करणावरून 'रेखागणित' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो मुंबई संस्कृत ग्रंथमालेत छापला गेला. परंतु शाळांत जी भूमिती रुजली ती या ग्रंथातून आली नाही, ती इंग्रजी अमदानीत आली. मुंबई इलाख्यात १८२० च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने गणिताची मराठी पुस्तके तयार होऊ लागली आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची स्थापना झाल्यावर परीक्षांच्या चौकटीत युक्लिडला मानाचे स्थान मिळाले. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता ही मांडणी मराठी शाळेच्या अंगवळणी पडली.

या मांडणीचे मोल मोठे आहे, पण तिच्या काही मर्यादाही आहेत. शिरोलंब एकसंपाती असतात हे विधान युक्लिडच्या तेरा पुस्तकांत आढळत नाही. मध्यगांचा संपातबिंदू हा आर्किमिडीजच्या गुरुत्वमध्यविषयक विचारातून पुढे येतो. नंतरच्या काळात ही विधाने युक्लिडच्या साधनांनी सिद्ध झाली खरी, परंतु प्रत्येकासाठी वेगळी युक्ती योजावी लागली : मध्यगांसाठी समांतरभुज चौकोन, शिरोलंबांसाठी बाहेरचा मोठा त्रिकोण, कोनदुभाजकांसाठी समान अंतराचा गुणधर्म. युक्ती सुचली तर सिद्धता मिळते. न सुचली तर विद्यार्थी कोऱ्या कागदासमोर बसून राहतो.

सदिशांचा जन्म

सर्व विधानांना एकच रीत लागू पडावी, ही आकांक्षा एकोणिसाव्या शतकात फळास आली. आयर्लंडमधील विल्यम रोवन हॅमिल्टन यांना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमधील कालव्याकाठी चालत असताना चतुष्टयींची सूत्रे सुचली. 'व्हेक्टर' आणि 'स्केलर' या संज्ञा आजच्या अर्थाने त्यांनीच रूढ केल्या. त्याच सुमारास, १८४४ मध्ये, श्टेटिन येथील शाळाशिक्षक हेर्मान ग्रासमान यांनी आपला विस्तारसिद्धान्त प्रसिद्ध केला. रेषेवरील तीन बिंदू कोणत्याही क्रमाने असोत, अ पासून ब पर्यंतचे आणि ब पासून क पर्यंतचे अंतर दिशेसह मिळविले तर अ पासून क पर्यंतचे अंतर मिळते, ही त्यांची मूळ कल्पना होती. म्हणजे सदिश पद्धतीच्या या वाटेचा उगम भौतिकशास्त्रात नव्हे, तर भूमितीतच होता. ग्रासमान यांचा ग्रंथ त्या काळी फारसा कोणी वाचला नाही. पुढे ते संस्कृताकडे वळले. ऋग्वेदाचा त्यांनी केलेला शब्दकोश आणि जर्मन अनुवाद १८७० च्या दशकात प्रसिद्ध झाले. आपल्याकडील वेदाभ्यासकांना ग्रासमान ठाऊक असतात आणि गणिताच्या अध्यापकांनाही ठाऊक असतात, पण ती एकच व्यक्ती होय हे दोघांनाही क्वचितच माहीत असते.

आज वर्गात वापरली जाणारी चिन्हव्यवस्था मात्र या दोघांचीही नाही. येल विद्यापीठातील जोसाया विलर्ड गिब्ज यांनी १८८१ ते १८८४ या काळात विद्यार्थ्यांसाठी खासगीरीत्या छापलेल्या टिपणांत अदिश गुणाकार आणि सदिश गुणाकार वेगळे केले. इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी विद्युत्चुंबकीय सिद्धान्तासाठी स्वतंत्रपणे हेच केले. चतुष्टयींचे समर्थक आणि हे नवे पंथीय यांच्यात १८९० च्या दशकात 'नेचर' या नियतकालिकाच्या पानांवर कडाक्याचा वाद झाला. गिब्ज यांच्या व्याख्यानांवर आधारलेले एडविन विल्सन यांचे पुस्तक १९०१ मध्ये निघाले आणि वादाचा निकाल व्यवहारात लागला. विजय भौतिकशास्त्राच्या सोयीचा झाला.

आपल्या विद्यापीठांत सदिश आले ते या विजयी रूपात. बल, वेग, विस्थापन हे त्यांचे मुख्य विषय आणि त्रिकोण हे सरावाचे उदाहरण. पुढे १९५९ मध्ये फ्रान्समधील रोयोमाँ येथील परिषदेत ज्याँ द्यूदोने यांनी शालेय शिक्षणातून युक्लिडला हद्दपार करून रेषीय बीजगणित आणावे अशी मागणी केली. त्या लाटेचे पडसाद जगभर उमटले. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात १०+२+३ हा आकृतिबंध आला तेव्हा शालेय भूमिती युक्लिडच्या वळणाची राहिली आणि सदिश कनिष्ठ महाविद्यालयाच्या वाट्याला आले. दोन्ही पद्धती टिकल्या, परंतु त्यांच्यामध्ये पूल बांधला गेला नाही. बालभारतीच्या २०१८ च्या आठवीच्या पुस्तकात शिरोलंब व मध्यगा यांची एकसंपातिता कृतीने पडताळून पाहिली आहे. सदिशांचे प्रकरण येते ते २०२० च्या बारावीच्या पुस्तकात. मधल्या चार वर्षांत ती कृती विस्मरणात गेलेली असते.

एक सूत्र, तीन प्रमेये

आता हा पूल कोठे बांधता येईल ते पाहू. त्रिकोणाच्या शिरोबिंदूंचे स्थान सदिश त, थ, द मानू. सदिशाचा स्वतःशी अदिश गुणाकार म्हणजे त्याच्या लांबीचा वर्ग. तो थ² असा लिहू. अदिश गुणाकार वितरणशील व क्रमनिरपेक्ष असल्यामुळे

(थ + द) · (थ − द) = थ² − द²

हे सूत्र मिळते. जुन्या भाषेत हेच वर्गांतर आणि हाच योगांतरघात, फक्त आता राशींना दिशा आहे.

प्रथम लीलावतीचे उदाहरण घेऊ. ज्या शिरोबिंदूतून लंब टाकायचा तो आरंभबिंदू मानावा. मग थ आणि द या दोन भुजा होत. त्यांच्या लांबी १५ व १३. थ − द हा पाया, त्याची लांबी १४. पायाच्या दिशेने थ चा प्रक्षेप ९ आणि द चा प्रक्षेप उलट दिशेने असल्याने −५. म्हणून थ + द चा प्रक्षेप ४, म्हणजेच आबाधांचे अंतर. सूत्राची डावी बाजू १४ गुणिले ४ म्हणजे ५६, उजवी बाजू २२५ वजा १६९ म्हणजे ५६. आबाधांचा नियम आणि वरील सूत्र ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत.

दुसरे, शिरोलंबांची एकसंपातिता. आता आरंभबिंदू त्रिकोणाच्या परिकेंद्रात घ्यावा. तिन्ही शिरोबिंदू परिकेंद्रापासून समान अंतरावर असल्यामुळे त² = थ² = द². ज्याचा स्थान सदिश त + थ + द आहे असा बिंदू विचारात घेऊ. पहिल्या शिरोबिंदूपासून या बिंदूकडे जाणारा सदिश थ + द आहे आणि समोरची बाजू थ − द आहे. त्यांचा अदिश गुणाकार थ² − द², म्हणजे शून्य. म्हणून हा बिंदू पहिल्या शिरोलंबावर आहे. त + थ + द या बेरजेत तिन्ही शिरोबिंदूंचे स्थान सारखेच असल्यामुळे तो उरलेल्या दोन शिरोलंबांवरही आहे. सिद्धता पूर्ण झाली. लीलावतीच्या भाषेत सांगायचे तर परिकेंद्र आणि कोणतेही दोन शिरोबिंदू यांचा त्रिकोण समद्विभुज असतो, म्हणून त्याच्या आबाधांचे अंतर शून्य असते. सर्व काही तेवढ्यावर उभे आहे.

तिसरे, अर्धवर्तुळातील कोन. केंद्र आरंभबिंदू मानले तर व्यासाची टोके थ आणि −थ, वर्तुळावरील बिंदू द. त्या बिंदूकडे येणाऱ्या दोन भुजा द − थ आणि द + थ. त्यांचा गुणाकार द² − थ², पुन्हा शून्य.

मध्यगांच्या बाबतीत तर गुणाकाराचीही गरज नाही. बाजूचा मध्य (थ + द) ÷ २ आहे आणि मध्यगेला शिरोबिंदूकडून २ : १ या प्रमाणात विभागणारा बिंदू (त + थ + द) ÷ ३ आहे. येथेही तिन्ही शिरोबिंदूंना समान न्याय असल्यामुळे तिन्ही मध्यगा त्यातून जातात. परिकेंद्र आरंभबिंदू असता मध्यगासंपात हा शिरोलंबसंपाताच्या नेमका एक तृतीयांश अंतरावर पडतो, म्हणून हे तीन बिंदू एका रेषेत आहेत. अठराव्या शतकात ऑयलर यांनी शोधलेली ही रेषा येथे कोणत्याही अधिक श्रमाशिवाय हाती येते. सदिश पद्धतीचे खरे सामर्थ्य असे की, ती सिद्धता आखूड करते आणि त्याचबरोबर विधानांमधील नाते उघड करते.

सोयीची किंमत

या सामर्थ्याबरोबर एक धोकाही येतो आणि त्याकडे अध्यापकांनी दुर्लक्ष करता कामा नये. सदिशांनी पायथागोरसचे प्रमेय एका ओळीत सिद्ध होते असे सांगितले जाते : दोन लंब सदिशांच्या बेरजेचा वर्ग विस्तारला की मधले पद शून्य होते. परंतु अदिश गुणाकाराची व्याख्या घटकांच्या साह्याने केली असेल, तर लांबीचे सूत्र म्हणून पायथागोरसचे प्रमेय आधीच गृहीत धरलेले असते. ही सिद्धता नव्हे, चक्राकार युक्तिवाद होय. व्याख्या लांबी आणि कोज्या यांच्या साह्याने केली असेल, तर वितरणशीलता सिद्ध करण्यासाठी प्रक्षेपांचा आणि पर्यायाने समरूप त्रिकोणांचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे जुनी भूमिती नाहीशी झालेली नसते, ती चिन्हांच्या तळाशी गेलेली असते. भास्कराचार्यांनी बीजगणितात कर्णाच्या वर्गासाठी चार काटकोन त्रिकोण आणि मधोमध भुज व कोटी यांच्या अंतराचा वर्ग अशी रचना दिली आहे. सदिशांच्या आधी ती फळ्यावर काढली तर विद्यार्थ्याला आपण कशावर उभे आहोत ते दिसते.

संज्ञेविषयीही थोडे सांगणे योग्य ठरेल. 'व्हेक्टर' हा लॅटिन शब्द 'वाहून नेणारा' या अर्थाचा असून त्याचा धातू संस्कृत 'वह्' धातूचा सगोत्र आहे. एका बिंदूकडून दुसऱ्याकडे नेणारा तो सदिश, हाच हॅमिल्टन यांना अभिप्रेत अर्थ होता. मराठीत रूढ झालेला 'सदिश' हा शब्द नेटका आहे, पण तो दिशेवर भर देतो, वहनावर नाही. त्रिकोणाच्या सिद्धतांत मात्र वहनच कामाला येते : अ कडून ब कडे, ब कडून क कडे, क कडून पुन्हा अ कडे गेलो की एकूण स्थलांतर शून्य. वर्गात हा अर्थ एकदा सांगितला तर त्रिकोणाचा नियम पाठ करावा लागत नाही.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार भारतीय ज्ञानप्रणालीचा अभ्यासक्रमात समावेश झाल्यामुळे प्राचीन गणिताविषयी वर्गात बोलण्याची संधी मिळाली आहे. तिचा लाभ घेताना दोन टोके टाळावी लागतील. लीलावतीत सदिश होते, असे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा होईल. दिशायुक्त राशींचे बीजगणित लीलावतीच्या काळी कोठेही नव्हते आणि आबाधांच्या नियमात दिशेची कल्पना नाही. उलटपक्षी, लीलावती ही केवळ अभिमानाने उल्लेखण्याची वस्तू आहे, अध्यापनाची नव्हे, असे मानणेही चुकीचे आहे. ना. ह. फडके यांच्या 'लीलावती पुनर्दर्शन' (१९७१) या ग्रंथामुळे ती मराठी वाचकाला आधीच सुलभ झालेली आहे.

वरील विवेचनावरून एक व्यवहार्य सूचना करता येईल. बारावीच्या वर्गात सदिशांचे प्रकरण सुरू करताना पहिला तास १३, १४, १५ या त्रिकोणाला द्यावा. प्रथम आबाधांचा नियम अंकांनी, मग त्याची उपपत्ती आकृतीने आणि शेवटी तोच नियम अदिश गुणाकाराने मांडावा. 'आबाधा', 'शिरोलंब', 'मध्यगा' हे शब्द इंग्रजी संज्ञांच्या शेजारी फळ्यावर राहू द्यावेत. सुरगाणा, पेठ वा कळवणहून आलेला, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी त्या एका तासात आपले जुने ज्ञान नव्या वहीत ओळखू शकेल. जे प्रमेय त्याने आठवीत कागदाला घड्या घालून पाहिले होते, त्याचीच ही सिद्धता आहे हे त्याला कळले, तर पाठांतराची गरज आपोआप कमी होईल. याच भूभागात आठशे वर्षांपूर्वी एका मठात लीलावतीचे अध्यापन व्हावे म्हणून दान दिले गेले होते. तो वारसा जपण्यासाठी नव्या दानाची आवश्यकता नाही. वेळापत्रकातील एक तास पुरेसा आहे.